लग्नासारखी सभा

त्या सोमवारी सकाळी खाजामियाँ मंडपवाल्यांनी चहात बुडवलेला पाव तोंडाशी नेता नेता मध्येच थांबवला आणि मुलीला विचारलं, "काय ठरलं गं?"

कहकशां क्लासला निघाली होती. खांद्याला पर्स, हातात स्कुटीची किल्ली. "बघू," ती म्हणाली. तेवढ्यात पावाचा भिजलेला तुकडा बशीत पडला. उंबऱ्याजवळ डाळ निवडत बसलेल्या तिच्या आईनं, बानोबींनी, मान वर न करता सांगितलं, की तुमच्या पार्टीचंही हे असंच होणार, तोंडापर्यंत आलेलं बशीत. खाजामियाँ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरात सगळे दखनीच बोलत. पण राजकारणाचा विषय निघाला की खाजामियाँ मराठीवर यायचे. लातूरचं राजकारण मराठीत चालतं, त्याच्याशी दखनीत बोललो तर त्याला कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सकाळच्या चहाला वडील मराठीत बोलायला लागले की पुढचा प्रश्न कुठला ते कहकशांला ठाऊक असायचं. गेला महिनाभर तो एकच होता.

नगरपालिकेची महापालिका झाली होती आणि पहिली निवडणूक दारात येऊन उभी होती. खाजामियाँ कितीतरी वर्षं शेषेरावांच्या पक्षात होते. पद होतं अल्पसंख्याक सेलचे शहर उपाध्यक्ष. या पदाची कामं म्हणजे ईदेला नेत्यांच्या घरी शीरखुर्म्याचे डबे पोचवणं, रमजानात इफ्तारचा मंडप निम्म्या भाड्यात टाकणं आणि सभेच्या वेळी स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसणं. ती खुर्चीही त्यांचीच असायची. मंडपवाले स्टेजवर नेहमी एक खुर्ची जादा लावतात, कारण न बोलावता वर चढणारा एकजण प्रत्येक सभेत असतोच. खाजामियाँ मंडपवाले म्हणून ती जादाची खुर्ची लावत आणि उपाध्यक्ष म्हणून तिच्यावर बसत. सूत्रसंचालक स्टेजवरची नावं घेत घेत त्यांच्या जवळ आला की हमखास थकायचा आणि "व्यासपीठावरील इतर मान्यवर" म्हणून मोकळा व्हायचा. घरी आल्यावर खाजामियाँ सांगायचे, आजही मी मान्यवर होतो.

या वर्षी त्यांनी पहिल्यांदा तिकीट मागितलं. मोहल्ल्यात नळ आठवड्यातून कधीतरी यायचा. उर्दू शाळेच्या पत्र्यांतून आभाळ दिसायचं. शेषेरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "खाजाभाई, तुम्हाला कशाला तिकीट? तुमची मतं तर आपलीच हायत." खाजामियाँ घरी आले, बानोबींना शीरखुर्मा करायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी डब्यासोबत राजीनामा पाठवून दिला. ईद नव्हती. शेषेरावांनी आधी डबा संपवला आणि मग चिठ्ठी वाचली, असं गावात सांगतात.

मग निघाली हमसाया आघाडी. हमसाया म्हणजे शेजारी. अध्यक्ष खाजामियाँ, खजिनदार त्यांचा जुना कारागीर धोंडप्पा. नाव ऐकून बाजारातले लोक म्हणाले, ही मुसलमानांची पार्टी. खजिनदाराचं नाव ऐकून मोहल्ल्यातले लोक म्हणाले, ही आपली पार्टी नव्हेच. शेषेरावांचे लोक म्हणाले, मतं फोडायला काढली. नांदेडहून एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. आमचा झेंडा घ्या, आम्ही असा वक्ता पाठवतो की स्टेजला आग लागेल, असं म्हणाले. खाजामियाँनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "आग लागली तर मंडप कुणाचा जळतो?" गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले.

आरक्षणाची सोडत निघाली आणि मोहल्ल्याची जागा महिलेसाठी आली. बाकीच्यांनी बायकांची नावं पुढे करून पोस्टरवर स्वतःचे फोटो टाकले. बानोबींनी साफ नकार दिला. मग खाजामियाँचे डोळे मुलीकडे वळले.

कहकशां औसा रोडवरच्या एका मोठ्या क्लासमध्ये वनस्पतीशास्त्र शिकवायची. मुखेडपासून किनवटपर्यंतची मुलं खोल्या घेऊन राहायची आणि दोन-दोनशेच्या वर्गात तिच्यापुढे बसायची. कॉलर माईक लावून ती तास-दीड तास बोलायची आणि मुलं हलायची नाहीत. रस्त्यावरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो होता आणि खाली नाव, के. एस. मॅडम. "कहकशां हे नाव एवढं लांब हाय का?" असं वडिलांनी एकदाच विचारलं होतं. फ्लेक्स मालक छापतात, असं तिनं सांगितलं.

तिची भीती वेगळीच होती. क्लासमधले फिजिक्सचे सर गेल्या वेळी निवडणुकीला उभे राहिले, पडले आणि पुन्हा फिजिक्स शिकवायला लागले. त्यांचं काही बिघडलं नाही. ती उभी राहिली असती तर त्या दिवसापासून ती वनस्पतीशास्त्राची बाई उरली नसती. 'त्यांची' उमेदवार झाली असती, पडली तरी आणि निवडून आली तरी. हे तिनं वडिलांना कधी सांगितलं नाही. वडिलांचं अख्खं आयुष्यच त्या एका शब्दाच्या खाली गेलं होतं आणि ते त्यातूनही हसत हसत बाहेर आले होते. त्यांना ते कसं सांगायचं? म्हणून ती "बघू" म्हणायची. तिच्या पुस्तकांच्या कपाटात जगभरच्या चळवळी होत्या, आणि जिभेवर एवढा एकच शब्द.

त्याच दुपारी क्लास सुटल्यावर ती डबा घेऊन मैदानावर गेली. घराच्या मागेच ते मैदान. तिथं शेषेरावांच्या सभेचा मंडप उभा राहत होता. पक्ष सोडला तरी ऑर्डर खाजामियाँचीच होती, आणि त्यांनी स्टेज असं लावलं होतं की बघत राहावं. दुपदरी झालर, नवी सतरंजी. कहकशां म्हणाली, विरोधकाला एवढं चांगलं? खाजामियाँ म्हणाले, बयाणा घेतलाय. मग बल्लीला टेकून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि धोंडप्पाला हाक मारली. परवा आपल्या आघाडीची पहिली सभा, इथंच, पोलिसांची परवानगी आली आहे. ती कशी लावायची ते त्यांना आत्ताच सांगून टाकायचं होतं.

"लग्नासारखी लाव," ते म्हणाले. "लाल गालिचा, झेंडू, दिव्यांच्या माळा. आणि नवरानवरीचा सोफा."

"सोफ्यावर कोण बसणार, मालक?"

"लोक. सोफा खाली, लोकांत. स्टेजवर एक बी नेता बसायचा न्हाई. वर फक्त माईक आणि माझी जादाची खुर्ची." मग ते मुलीकडे वळले. "आपली माणसं सभेला कशी येतात बघितलंस का? मयतीला आल्यासारखी. खाली मान घालून बसतात, निवेदन देतात, घरी जातात. पाणी द्या, पत्रे द्या, वाचवा. एकदा तरी जेवायला बोलावल्यासारखं येऊन बसू देत की."

जेवण झाल्यावर माईकची चाचणी. बाकीचे मंडपवाले हॅलो हॅलो करत. खाजामियाँ धोंडप्पाला मैदानाच्या पार टोकाला उभं करायचे आणि विचारायचे, "धोंडप्पा, ऐकू येतंय का?" धोंडप्पा हात वर करून "येतंय मालक" म्हणाला की काम झालं. चारातला एक भोंगा ते नेहमी घराकडे फिरवून बांधत, बानोबींना घरबसल्या भाषण ऐकू यावं म्हणून. बानोबींनी हे कधी मागितलं नव्हतं.

धोंडप्पानं हात वर केला. पण खाजामियाँनी माईक ठेवला नाही. रिकाम्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "कहकशां, काय ठरलं?"

मशिदीच्या मिनारावरची कबुतरं उडाली. पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली. कहकशां खाली डब्याची झाकणं लावत होती. ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू आलं न्हाई," भोंगे म्हणाले.

तिनं हसू दाबलं, डबा स्कुटीच्या हुकाला अडकवला आणि निघाली. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा ते माईकची वायर गुंडाळत होते, कोपर आणि अंगठ्यावरून, लोकरीची लडी करावी तशी.

दुपार कलली तेव्हा खाजामियाँ गोदामात गुंडाळलेल्या सतरंज्यांना टेकून बसले. धोंडप्पानं चहा आणून शेजारी ठेवला. मालकांचा डोळा लागला असेल असं समजून त्यानं वर झाकण म्हणून बशी ठेवली, चहा निवू नये म्हणून. पुन्हा येऊन पाहिलं तेव्हा बशी तशीच होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, कळलंही नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरच्या नमाजीनंतर दफन झालं. कबरस्तानात किल्लारीकडची माणसं ट्रॅक्टर करून आली होती. भूकंप झाला त्या पहाटे खाजामियाँचा ट्रक गणेश विसर्जनानंतर उतरवलेल्या मंडपांनी भरलेला होता. तो रिकामा न करताच त्यांनी तिकडं वळवला, आणि कितीतरी घरं महिनाभर त्या केशरी-पिवळ्या कापडाखाली राहिली. धोंडप्पा तिथलाच. घरातलं कुणी उरलं नाही म्हणून तो परतीच्या ट्रकमध्ये चढला आणि मग उतरलाच नाही. खाजामियाँ ही गोष्ट कधी सांगत नसत. शेषेराव मात्र प्रत्येक निवडणुकीत सांगत. त्या एका ट्रकवर आपल्या वडिलांना किती वर्षं उभं करून ठेवलं, असं कहकशांला प्रत्येक वेळी वाटायचं.

तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या सकाळी, चहा झाला. पाव कुणी आणला नव्हता. घरात कुणी मराठीत बोललं नाही. ते कहकशांच्या लक्षात आलं आणि ती उठून उगीच स्कुटी पुसायला गेली.

मराठी आली ती दुपारी शेषेरावांबरोबर. ते ओसरीवर बसले आणि खरोखरच रडले. तोंडाला रुमाल लावून, लहान मुलासारखे. बानोबी नवऱ्यामागं पाळायच्या इद्दतीत आतल्या खोलीत होत्या, त्यांनी पडद्याआडून त्यांना पाणी पाठवलं. डोळे पुसून झाल्यावर शेषेरावांनी सांगितलं, की आज संध्याकाळी सर्वपक्षीय शोकसभा ठेवली आहे. मैदानाची आजची परवानगी खाजाभाईंच्या नावानं आहेच, मग दुसरी कशाला काढायची? आणि आणखी एक. झालं गेलं विसरून खाजाभाईंची माणसं आता पुन्हा आपल्या पक्षात यावीत. "तुला सेलवर घेतो, बेटा. उपाध्यक्ष न्हाई, अध्यक्ष. आज स्टेजवरून जाहीर करतो." अर्ज भरायची मुदत उद्या संपत होती. आघाडी आज विरली की विरलीच.

कहकशां पाण्याचा रिकामा पेला उचलायला वाकली. शेषेराव तिच्या डोक्यावर हात ठेवून, सगळं ठरल्यासारखं निघून गेले.

पडद्याआडून आई म्हणाली, की तुझ्या अब्बांनी तीस वर्षं मला भाषणं ऐकवली, कशी वाटली ते एकदाही विचारलं नाही. आता तू जे काय बोलशील ते थोडक्यात बोल.

संध्याकाळी मंडळी मैदानावर पोचली आणि फाटकातच अडखळली. मंडप नवरीसारखा सजला होता. लाल गालिचा, झेंडूची तोरणं, दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या. स्टेजवर एक माईक, एक प्लास्टिकची खुर्ची, बस. आणि खाली, अगदी पुढं, सोनेरी नक्षीचा नवरानवरीचा सोफा. त्यावर भाजीवाली चांगुणा पाय वर घेऊन बसली होती, शेजारी मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या. पांढरे कपडे घालून आलेले सगळ्या पक्षांचे नेते स्टेजच्या पायऱ्यांशी घोटाळले. वर बसायला जागा नव्हती आणि खाली बसायची सवय नव्हती.

शेषेरावांनी धोंडप्पाला बाजूला घेतलं. "अरे, शोकसभा हाय. हे काय लावलंस?"

"मालकानं सोमवारी सांगितलं तसं लावलं," धोंडप्पा म्हणाला. "त्यानंतर त्यांनी काय बदल सांगितला न्हाई."

या माणसाला मालकाखेरीज दुसऱ्या कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. शेषेराव सोफ्यापाशी आले. चांगुणा म्हणाली, टेका की सायेब, हातावर मावताल. शहराचा नेता नवरदेवाच्या सोफ्याच्या हातावर एका कुल्ल्यानं टेकला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. हसू मैदानभर फिरून आलं आणि कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. सभा सुरू होण्याआधीच ती खाजामियाँची झाली होती.

भाषणं झाली. प्रत्येकानं सांगितलं, खाजामियाँ आमचे होते. ट्रकची गोष्ट तिघांनी सांगितली आणि प्रत्येकाच्या सांगण्यात ट्रक वेगळ्या गावाला गेला. एकजण म्हणाला, मुस्लिम असूनही त्यांनी गणपतीचे मंडप टाकले. कहकशांला एकदम हसू आलं. हे 'असूनही' ऐकलं की वडील घरी येऊन म्हणायचे, पाऊस असूनही सभेला गर्दी झाली म्हणतात ना, तसा मी.

मग शेषेराव. आवाज खरोखर भरून आला होता. बोलता बोलता त्यांनी जाहीर केलं, की खाजाभाईंची माणसं आजपासून परत आपल्या पक्षात येत आहेत आणि त्यांची कन्या, क्लासच्या के. एस. मॅडम, सेलचं काम बघणार आहेत. टाळ्या झाल्या. ते खाली उतरून पुन्हा सोफ्याच्या हातावर टेकले.

मैदानाच्या टोकाला, ॲम्प्लिफायरपाशी, धोंडप्पा उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. तो कहकशांकडे बघत होता, मालकानं माईक हातात घेतल्यावर बघायचा तसा.

कहकशां उठली. पायऱ्या चढून वर गेली आणि आधी ती जादाची खुर्ची उचलली. ती घेऊन पुन्हा खाली आली आणि शेषेरावांच्या मागं टेकवली.

"काका, यावर बसा. अवघडलात. अब्बांची हाय."

शेषेरावांनी खुर्चीकडे पाहिलं. ती कुठली खुर्ची ते त्यांना ओळखू आलं. कितीतरी सभांत ती त्यांच्या डोळ्यांच्या कडेला होती. ते तिच्यावर सावकाश बसले. "बाप तसाच व्हता," ते चांगुणाला हळू म्हणाले, "मारायचा बी असा की लागल्यावर आपणच थँक्यू म्हणायचं." चांगुणा पदर तोंडाला लावून हसली.

कहकशां माईकपाशी आली. समोर मोहल्ला होता, बाजार होता, किल्लारीकडची माणसं होती, मागं क्लासची आठ-दहा मुलं वह्या घेऊनच आली होती. माईकची उंची वडिलांच्या मापाची होती. तिनं ती बदलली नाही, टाचा थोड्या उचलल्या.

"धोंडप्पा, ऐकू येतंय का?"

पार टोकाला एक हात वर गेला. जरा वेळानं आवाजही आला. "येतंय, अक्का."

घराकडे तोंड केलेला भोंगा जागेवर आहे ना, तेवढं तिनं पाहून घेतलं. होता.

"अब्बा सोमवारी इथूनच विचारत होते, काय ठरलं," ती म्हणाली. "मी खालून पुटपुटले. त्यांना ऐकू आलं नाही. आईनं थोडक्यात बोलायला सांगितलंय." तिनं टाचा पुन्हा उचलल्या.

"ठरलं, अब्बा. मी, कहकशां खाजामियाँ शेख, उभी राहते."